क्वार्क आणि लेप्टॉनच्या पोटात आणखी काही दडले आहे का? प्रिऑनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कणभौतिकीची तोंडओळख असलेल्या वाचकासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. समीकरणे टाळली आहेत, आकडे मात्र टाळलेले नाहीत, कारण या विषयातले खरे भांडण आकड्यांवरूनच आहे. वस्तुमान आणि ऊर्जा दोन्ही एमईव्हीत, म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापात मोजू. हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही. प्रोटॉनचे वस्तुमान ९३८ एमईव्ही, इलेक्ट्रॉनचे ०.५११ एमईव्ही. हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पुढचे वाचन सोपे जाईल.

प्रिऑन म्हणजे नेमके काय?

क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या आतले कण) आणि लेप्टॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जातीचे कण) ज्यांपासून बनले असावेत, अशा काल्पनिक कणांना दिलेले नाव. जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी १९७४ मध्ये ते रूढ केले. त्यानंतर सबक्वार्क, रिशॉन, हॅप्लॉन अशी बरीच नावे आली, पण सगळ्यांना मिळून ‘प्रिऑन’ म्हणायची पद्धत पडली. यातला एकही कण आजवर कोणी पाहिलेला नाही.

ज्यांना आपण मूलकण म्हणतो, त्यांच्या आत काही असेल अशी शंका तरी का यावी?

यादी पाहिली की शंका येते. सहा क्वार्क, सहा लेप्टॉन. प्रत्येक क्वार्क तीन ‘रंगां’त (हा क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबल बलाचा भार, दिसणारा रंग नव्हे) येतो, शिवाय प्रत्येकाचा प्रतिकण, म्हणजे वस्तुमान तेच पण भार उलटा असलेला जोडीदार. मूलभूत म्हणायला ही गर्दी जरा जास्तच आहे. पण नुसती संख्या हा कमकुवत मुद्दा आहे. निसर्गाने आपल्या सोयीसाठी कण कमी ठेवावेत असा काही नियम नाही. यादीतली पुनरावृत्ती मात्र दुर्लक्षिता येत नाही. पहिल्या पिढीत अप आणि डाऊन क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि त्याचा न्यूट्रिनो. आपल्याभोवतीचे सगळे नेहमीचे द्रव्य यातच भागते. तरी हीच चौकडी आणखी दोनदा येते: विद्युतभार तेच, स्पिन (कणाचे अंगभूत फिरणे) तेच, बलांना दिलेला प्रतिसाद तोच. फक्त वस्तुमान वेगळे. म्युऑन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड, टाऊ सुमारे ३,४८० पट. रसायनशास्त्रात मूलद्रव्यांचे गुणधर्म ठरावीक अंतराने परत दिसू लागले, तेव्हा त्यामागे अणूची अंतर्गत रचना निघाली होती.

माझ्या मते त्याहून बोलका पुरावा विद्युतभारांचा आहे. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे भार विरुद्ध, पण आकाराने तंतोतंत सारखे आहेत. म्हणून तर अणू उदासीन असतो. प्रोटॉन तीन क्वार्कांचा, इलेक्ट्रॉनचा क्वार्कांशी संबंध नाही. मग दोन-तृतीयांश, दोन-तृतीयांश आणि उणे एक-तृतीयांश यांची बेरीज इलेक्ट्रॉनच्या भाराशी इतकी चोख का जुळावी? स्टँडर्ड मॉडेलमध्ये, म्हणजे कणांच्या आजच्या सर्वमान्य सिद्धांतात, भार असे नसतील तर सिद्धांताचे गणित आतून मोडते, एवढे कळते. पण ‘नाहीतर मोडते’ हे ‘म्हणून असे आहे’ यापेक्षा वेगळे. क्वार्क आणि लेप्टॉन एकाच मालाचे बनले असतील, तर मात्र हे जुळणे आपोआप येते.

अणू फुटला, केंद्रक फुटले, प्रोटॉनच्या आतही क्वार्क निघाले. मग क्वार्कही फुटणारच ना?

हा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे आणि फार फसवाही. प्रत्येक पायरीवर आतल्या ऊर्जेचे बाहेरच्या वस्तुमानाशी नाते कसे बदलत गेले, ते बघा. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेला असतो. त्याच्या स्वतःच्या वस्तुमानापुढे हे नगण्य. केंद्रकात प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे बंधनऊर्जा साधारण ८ एमईव्ही, म्हणजे वस्तुमानाच्या एक टक्क्याच्या आत. प्रोटॉनमध्ये चित्र उलटते: आतल्या तीन क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज जेमतेम ९ एमईव्ही आणि बाकी जवळजवळ सगळे ९३८ हे आतल्या हालचालीचे आणि बलक्षेत्राचे. प्रत्येक पायरीला आतली ऊर्जा वाढत गेली आणि प्रोटॉनपाशी तिने वस्तुमानाचा ताबाच घेतला. पुढची पायरी असलीच, तर तिथे आतली ऊर्जा एकूण वस्तुमानाच्या लाखो पट हवी. असे घडल्याचे एकही उदाहरण नाही. इतिहासाचा दाखला इथेच तुटतो.

सगळ्यांत गाजलेले मॉडेल कोणते?

रिशॉन मॉडेल. १९७९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतले हाइम हरारी आणि अमेरिकेतले मायकेल शूप या दोघांनी ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडले. त्याचे देखणेपण असे की दोनच कण पुरतात. टी (टोहू) याचा भार एक-तृतीयांश, व्ही (वोहू) याचा भार शून्य. दोघांचे प्रतिकण अर्थात असतातच. आता तीन-तीनच्या जुड्या बांधा:

टी-टी-टी: भार १. हा पॉझिट्रॉन, इलेक्ट्रॉनचा प्रतिकण.
टी-टी-व्ही: भार दोन-तृतीयांश. अप क्वार्क.
टी-व्ही-व्ही: भार एक-तृतीयांश. डाऊनचा प्रतिक्वार्क.
व्ही-व्ही-व्ही: भार शून्य. न्यूट्रिनो.

प्रतिकणांच्या जुड्या केल्या की इलेक्ट्रॉन, डाऊन क्वार्क वगैरे उरलेले मिळतात. पहिली पिढी संपली. आणि गंमत पुढे आहे. टी-टी-व्ही ही जुडी तीन प्रकारे मांडता येते, कारण वेगळा असलेला एक व्ही तीन जागांपैकी कुठेही बसू शकतो. टी-टी-टी मात्र एकाच प्रकारे. म्हणजे क्वार्कांना तीन रंग आणि लेप्टॉनला एकही नाही, हेही बाहेर पडते! तीनच का, याचे इतके स्वस्तात मिळालेले उत्तर दुसरीकडे सापडणार नाही.

स्वस्तात मिळालेले, असे मुद्दाम म्हटले. ही झाली मांडणी, यात बल कुठे आहे? जुडी कशाने बांधली? पुंजयांत्रिकीत दोन सारख्या कणांच्या ‘जागा’ आपोआप ओळखू येत नाहीत, तेव्हा क्रमाला अर्थ कोणी दिला? या उणिवा भरून काढायला हरारी आणि नेथन सायबर्ग यांनी १९८१ मध्ये ‘हायपरकलर’ नावाचे नवे प्रबल बल आणले आणि रंगही थेट रिशॉनांनाच दिला. मॉडेल व्याकरणशुद्ध झाले, पण रंगाचे मूळ सांगण्याची जी ऐट होती ती गेली.

रिशॉन मॉडेल खरे धरले तर साध्या हायड्रोजनमध्ये प्रतिद्रव्य असते, हे खरे का?

हो. हिशेब करून पाहा. प्रोटॉन म्हणजे दोन अप आणि एक डाऊन. दोन अपमध्ये चार टी, दोन व्ही. डाऊनमध्ये एक प्रति-टी, दोन प्रति-व्ही. सोबतच्या इलेक्ट्रॉनमध्ये तीन प्रति-टी. एकूण चार टी आणि चार प्रति-टी, दोन व्ही आणि दोन प्रति-व्ही. द्रव्य आणि प्रतिद्रव्य बरोबर निम्मे-निम्मे. विश्वात प्रतिद्रव्य कुठे गेले, या प्रश्नाला ‘कुठेच नाही, फक्त वेगळ्या जुड्यांत बांधले गेले’ असे उत्तर यातून सुचते. उत्तर आकर्षक आहे यात वाद नाही. मात्र सुरुवातीला इलेक्ट्रॉन जास्त आणि पॉझिट्रॉन कमी का झाले, हा प्रश्न तसाच राहतो. फक्त त्याची भाषा बदलते.

मग प्रोटॉन टिकतो कसा?

अगदी वर्मावर बोट ठेवणारा प्रश्न. दोन अप क्वार्क जवळ आले, एकातला टी दुसऱ्यातल्या व्हीशी बदलला गेला, की टी-टी-व्ही आणि टी-टी-व्ही यांचे टी-टी-टी आणि टी-व्ही-व्ही होतात. म्हणजे दोन अप जाऊन एक पॉझिट्रॉन आणि एक डाऊन प्रतिक्वार्क. हे प्रोटॉनमध्ये घडले, तर उरलेला डाऊन आणि हा प्रतिक्वार्क मिळून पायॉन बनतो आणि प्रोटॉनचे पॉझिट्रॉन अधिक पायॉन असे विघटन होते. नुसती अदलाबदल, नवे काही निर्माण करायला नको. जपानमधला सुपर-कामिओकांडे हा ५०,००० टन शुद्ध पाण्याचा शोधक नेमक्या याच विघटनाची वाट बघत बसलेला आहे. एकही खात्रीची घटना दिसलेली नाही. त्यावरून या मार्गाने प्रोटॉनचे आयुष्य २४ वर ३३ शून्ये एवढ्या वर्षांपेक्षा जास्त निघते. तेव्हा अदलाबदल रोखणारा एखादा कडक नियम मॉडेलमध्ये घालावा लागतो. तो बाहेरून चिकटवलेला दिसतो, हीच तक्रार.

दोन कणांची जुडी का नाही? तीनच का लागतात?

स्पिनमुळे. क्वार्क आणि लेप्टॉन यांचा स्पिन अर्धा आहे. अर्धा स्पिन असलेले दोन कण मिळून पूर्णांक स्पिन येतो, अर्धा येत नाही. म्हणून एकतर तीन अर्धे घ्या, नाहीतर एक अर्धा आणि एक शून्य स्पिनचा. हरारींनी पहिली वाट धरली. तीन अर्ध्यांतून दीड स्पिनही तयार होतो, मग दीड स्पिनचे इलेक्ट्रॉन का दिसत नाहीत, हे उत्तर देणे त्यांच्यावर आले.

इतर मॉडेलांत वेगळे काय होते?

पती-सलाम यांच्या कल्पनेत कामाची वाटणी होती: एक प्रिऑन क्वार्काची जात ठरवणार, दुसरा त्याचा रंग. लेप्टॉन हा त्यांच्या लेखी चौथ्या रंगाचा क्वार्क. जपानमध्ये हिदेझुमी तेराझावा आणि सहकाऱ्यांनी १९७७ च्या सुमारास सबक्वार्कांची मांडणी केली. १९८१ मध्ये हाराल्ड फ्रिट्श आणि गेर्ड मांडेलबाउम यांनी हॅप्लॉन आणले, त्यात डब्ल्यू आणि झेड हे क्षीण बलाचे वाहकसुद्धा संयुक्त होते. क्षीण बल म्हणजे हॅप्लॉनांमधल्या खऱ्या बलाची बाहेर सांडलेली शिल्लक. प्रोटॉन-न्यूट्रॉनांना बांधणारे बल हे क्वार्कांमधल्या बलाची अशीच शिल्लक आहे, तेव्हा कल्पना हवेतली नव्हती. पण १९८३ मध्ये सर्नमध्ये डब्ल्यू आणि झेड सापडले ते विद्युत-क्षीण सिद्धांताने सांगितलेल्या जागीच, साधारण ८० आणि ९१ जीईव्हीला. पुढे सर्नच्याच लेप या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरने झेडची इतकी बारीक मोजमापे केली की ‘सांडलेली शिल्लक’ म्हणणे अवघड झाले.

या सगळ्या मॉडेलांची मुख्य अडचण कोणती?

एकच, आणि ती सगळ्यांना समान: इलेक्ट्रॉन फार लहान आहे आणि फार हलकाही आहे. दोन्ही एकदम कसे?

हायझेनबर्गचे अनिश्चिततेचे तत्त्व सांगते की कणाला जितक्या लहान जागेत कोंडाल तितका त्याचा संवेग मोठा. प्रयोगांवरून इलेक्ट्रॉनचा आकार, असलाच तर, मीटरच्या अब्जांशाच्या अब्जांशापेक्षा लहान आहे. तेवढ्या जागेत प्रिऑन कोंडला, तर त्याची ऊर्जा सुमारे २०० जीईव्ही येते. इलेक्ट्रॉनचे सगळे वस्तुमान मिळून ०.०००५११ जीईव्ही. म्हणजे आत राहणाऱ्याची नुसती चुळबुळ अख्ख्या घराच्या वजनाच्या चार लाख पट. जमा चार लाख, खर्चही चार लाख आणि शिल्लक नेमकी एक उरावी, तसा हा हिशेब जुळायला हवा. तोही एका कणात नव्हे. न्यूट्रिनोत, अपमध्ये, डाऊनमध्ये, प्रत्येकात. आणि हा जुना आकडा झाला. लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या आजच्या मर्यादा धरल्या, २० टीईव्हीच्या आसपास, तर चार लाखांचे चार कोटी होतात.

‘बंधनऊर्जा ऋण असते, ती वजा होईल’ असे उत्तर पुष्कळ जण देतात. वजा होईल हो, पण इतकी काटेकोर का होईल? कारण सांगता येत नसेल तर ते उत्तर नव्हे, इच्छा आहे.

यातून सुटायची काहीच वाट नाही का?

आहे, आणि ती या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. हलकेपणा योगायोगाने न येता सममितीमुळे येऊ शकतो. उदाहरण डोळ्यांसमोर आहे: पायॉन. त्याच क्वार्कांचा, त्याच बलाने बांधलेला, आकारानेही प्रोटॉनच्या जवळपासचा. पण वस्तुमान १४० एमईव्ही. क्वार्कांना अजिबात वस्तुमान नसते तर पायॉनचे शून्यच झाले असते. डावखुरे आणि उजवे क्वार्क वेगवेगळे फिरवण्याची जी सममिती आहे, कायरल सममिती, ती मोडली जाण्याच्या रीतीतून हा हलकेपणा येतो.

पायॉन बोसॉन (पूर्णांक स्पिनचा कण) आहे, आपल्याला हवा अर्ध्या स्पिनचा कण, म्हणजे फर्मिऑन. १९७९ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या कार्जेस इथल्या उन्हाळी वर्गात गेरार्ड ’ट हूफ्ट यांनी त्याची अट सांगितली. कायरल सममिती न मोडता टिकली, तर संयुक्त फर्मिऑन वस्तुमानाविना राहू शकतात. पण प्रिऑनांचा एक ठरावीक हिशेब, ज्याला अ‍ॅनॉमली म्हणतात, त्यांच्यापासून बनलेल्या हलक्या कणांच्या हिशेबाशी पूर्णांकात जुळला पाहिजे. आतले बल कितीही गुंतागुंतीचे असो, ही बेरीज बदलत नाही. त्यामुळे बल न सोडवताही मॉडेल तपासता येऊ लागले आणि बरीच मॉडेले कागदावरच बाद झाली.

पुढचा दणका १९८३-८४ मध्ये बसला. क्वार्कांचे बल डाव्या-उजव्यात भेद करत नाही. अशा प्रकारच्या बलांत संयुक्त फर्मिऑन हलका आणि त्याहून हलका बोसॉन मात्र नाही, ही स्थिती येऊच शकत नाही, असे डोनाल्ड वाइनगार्टन यांच्या असमानतांनी दाखवले. कुमरून वाफा आणि एडवर्ड विटन यांच्या प्रमेयानेही याच बलांतल्या वाटा अरुंद केल्या. उरतात ती डाव्या-उजव्यात भेद करणारी बले. ती सोडवायला आपल्याकडे धड साधन नाही. संगणकाच्या जाळीवर अशी बले मांडताना १९८१ चे नील्सन-निनोमिया प्रमेय आडवे येते. प्रिऑनांवरचे काम नव्वदच्या दशकात ओसरले ते लोकांचा उत्साह संपला म्हणून, असे सांगितले जाते. मला वाटते, खरे कारण हे आहे: जे बल हवे ते हाताळता येत नाही, जे हाताळता येते ते चालत नाही.

म्युऑन म्हणजे उत्तेजित अवस्थेतला इलेक्ट्रॉन असे मानले तर?

सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचते. दोन गोष्टी आड येतात. उत्तेजित अणू प्रकाश सोडून खाली येतो. तसा म्युऑनही एक फोटॉन सोडून इलेक्ट्रॉन व्हायला हवा. होत नाही. तो २.२ मायक्रोसेकंदांत इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो यांत विघटित होतो. फोटॉनवाल्या मार्गाचा शोध १९४० च्या दशकापासून चालू आहे. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेतल्या मेग प्रयोगांच्या ताज्या मर्यादेनुसार दहा लाख कोटी विघटनांत अशी दोनही नसावीत. दुसरे म्हणजे, इतक्या लहान वस्तूच्या उत्तेजित पातळ्यांमधले अंतर शेकडो जीईव्ही किंवा टीईव्हीत असायला हवे. म्युऑन आणि इलेक्ट्रॉन यांच्यात अंतर आहे अवघे १०५ एमईव्ही.

म्हणूनच तीन पिढ्यांचे कोडे सोडवायला निघालेली मॉडेले पहिल्या पिढीपाशी देखणी दिसतात आणि दुसऱ्या पिढीपाशी अडखळतात.

प्रयोगशाळेत हे तपासतात कसे?

तीन वाटा आहेत. पहिली, अणूचे केंद्रक शोधणाऱ्या रदरफोर्डचीच: जोरात आदळा आणि मोठ्या कोनात अपेक्षेपेक्षा जास्त कण उडतात का ते पाहा. आकार थेट दिसण्याच्या आधीच त्याचा परिणाम एका नव्या ‘संपर्क बला’सारखा जाणवू लागतो, हे एस्टिया आयक्टन, केनेथ लेन आणि मायकेल पेस्किन यांनी १९८३ मध्ये दाखवले. तेव्हापासून सगळे प्रयोग आपला निकाल त्यांच्याच मापात देतात. लेपवर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यांचे भाभा विकीर्णन यासाठी वापरले गेले. होमी भाभांनी १९३० च्या दशकात मांडलेले ते गणित. लार्ज हेड्रॉन कोलायडरवर अ‍ॅटलास आणि सीएमएस यांनी दिलेल्या मर्यादा, कोणत्या कणांमध्ये आणि कोणत्या प्रकारचे बल धरता त्यानुसार, साधारण १३ ते ३५ टीईव्हीपर्यंत जातात. हे आकडे बल अतिशय प्रबल आहे असे गृहीत धरून काढलेले असतात. बातमीत ही अट बहुधा गाळलेली असते.

दुसरी वाट उत्तेजित क्वार्क शोधण्याची. तो असेल तर दोन जेटच्या (टकरीतून एका दिशेने उडणाऱ्या कणांच्या झोतांच्या) एकत्रित वस्तुमानात उंचवटा दिसेल. अ‍ॅटलासने साडेसहा टीईव्हीच्या थोडे पुढेपर्यंत पाहिले, उंचवटा नाही.

तिसरी वाट शांत पण भेदक आहे: चुंबकीय आघूर्ण, म्हणजे कण छोट्या चुंबकासारखा किती जोराने वागतो. इलेक्ट्रॉनचे आघूर्ण २०२३ मध्ये जेराल्ड गॅब्रिएल्स यांच्या गटाने दहा लाख कोटींत एक-दोन भाग इतक्या अचूकतेने मोजले, आणि इलेक्ट्रॉन बिंदुरूप मानून केलेले गणित त्याच्याशी जवळजवळ बारा दशांश स्थळांपर्यंत जुळते. आत काही असते तर फरक पडला असता. किती, ते मॉडेलवर अवलंबून. स्टॅन्ली ब्रॉड्स्की आणि सिडनी ड्रेल यांनी १९८० मध्ये दाखवले की हलकेपणा कायरल सममितीने राखला असेल, तर फरक वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकाच पडतो. मग इलेक्ट्रॉनची ही अफाट अचूकतासुद्धा जेमतेम अर्ध्या टीईव्हीपर्यंत पोचते. सममिती नसेल, तर तीच अचूकता काही लाख टीईव्हीपर्यंत सगळे पुसून टाकते. ‘इलेक्ट्रॉनची त्रिज्या अमुकपेक्षा कमी’ असे वाचाल तेव्हा यातले कोणते गृहीतक धरले आहे ते आधी बघा.

म्युऑन इथे जास्त कामाचा, कारण वर्गाच्या हिशेबाने तो सुमारे ४३,००० पट संवेदनशील. अमेरिकेतल्या फर्मीलॅबचा म्युऑनच्या आघूर्णाचा अंतिम निकाल जून २०२५ मध्ये आला, आणि सुधारलेल्या सैद्धांतिक गणिताशी त्याचा आता विरोध उरलेला नाही.

कधी पुरावा मिळाल्यासारखे वाटले का?

दोनदा चांगलीच खळबळ झाली. १९९६ मध्ये फर्मीलॅबच्या टेव्हाट्रॉन कोलायडरवरच्या सीडीएफ गटाला २०० जीईव्हीच्या वर अपेक्षेपेक्षा जास्त जेट दिसले. क्वार्काच्या आत काही असते तर जसे दिसले असते, तसेच. पुढे कळले की प्रोटॉनमध्ये मोठा संवेग घेऊन धावणारे ग्लुऑन (क्वार्कांना बांधणारे कण) किती, याचा अंदाजच कमी धरला होता. तो सुधारला आणि जादा जेट नाहीसे झाले. १९९७ मध्ये हॅम्बर्गच्या हेरा यंत्रावर एच-१ आणि झ्यूस या दोन्ही गटांना पॉझिट्रॉन-प्रोटॉन टकरींत काही जादा घटना दिसल्या. आणखी नोंदी जमल्यावर त्या विरघळून गेल्या.

कोइडे सूत्राचा याच्याशी काय संबंध?

योशिओ कोइडे संयुक्त क्वार्क-लेप्टॉनांच्या मॉडेलवर काम करत असताना १९८१-८२ मध्ये त्यांना एक नाते सापडले. इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ यांच्या वस्तुमानांची बेरीज घ्या, तिला त्यांच्या वर्गमुळांच्या बेरजेच्या वर्गाने भागा, उत्तर दोन-तृतीयांश. तेव्हा टाऊचे मोजलेले वस्तुमान १७८४ एमईव्ही होते आणि सूत्र म्हणत होते १७७७. १९९२ मध्ये बीजिंगच्या प्रयोगाने ते नव्याने मोजले आणि सूत्राची सरशी झाली! आजचे मूल्य १७७६.९३, सूत्राचे १७७६.९७. ज्या मॉडेलातून ते निघाले ते मात्र टिकले नाही. योगायोग म्हणावा तर फारच अचूक, नियम म्हणावा तर त्यामागे सर्वमान्य कारण नाही. मी स्वतः ते सोडून देऊ शकलेलो नाही, पण त्याच्या जोरावर प्रिऑन आहेत असे म्हणणार नाही.

इलेक्ट्रॉन फोडून स्पिनॉन आणि ऑर्बिटॉन वेगळे केले, अशी बातमी वाचली होती. ते प्रिऑन नव्हेत का?

नव्हेत. २०१२ चा तो प्रयोग एका विशिष्ट स्फटिकातला होता. तिथे असंख्य इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक हालचालीत स्पिन आणि कक्षा यांच्या लाटा वेगवेगळ्या वेगाने जातात. स्फटिकाबाहेर काढलेला इलेक्ट्रॉन अखंडच असतो.

स्ट्रिंग सिद्धांत आल्यावर प्रिऑनांची गरज संपली का?

दोन्ही वेगळे प्रश्न विचारतात. स्ट्रिंगमध्ये इलेक्ट्रॉन ही एका तंतूची एक कंपनावस्था, ती भागांत मोडत नाही. तंतूची लांबी प्रयोगांच्या आवाक्याबाहेर फार खाली असू शकते, पण त्याच्या काही कंपनावस्था मुळात वस्तुमानाविनाच असतात, म्हणून तिथे हलकेपणाची अडचण याच स्वरूपात येत नाही. आणखी एक वाट सन्डन्स बिल्सन-थॉम्प्सन यांची: २००५ मध्ये त्यांनी रिशॉनांच्या जागी पिळलेल्या पट्ट्यांच्या वेण्या घेतल्या. पीळ म्हणजे भार. क्रमाला अर्थ आपोआप मिळतो, कारण वेणीत पदर ओळखू येतात. पुंज-गुरुत्वाच्या लोकांना ती आवडली. वस्तुमानाबद्दल मात्र ती गप्पच आहे.

प्रिऑन तारे असतात का?

योहान हान्सन आणि फ्रेड्रिक सान्डिन यांनी २००५ मध्ये तशी शक्यता मांडली: शंभर पृथ्वींइतके वस्तुमान, आकार मीटरभर. सापडलेला एकही नाही.

मग आज हा विषय मेला आहे का?

जुन्या रूपात जवळजवळ. नव्या रूपात तो हिग्जच्या, म्हणजे इतर कणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राच्या कणाच्या, आडून परत आला. डेव्हिड कॅप्लन आणि हॉवर्ड जॉर्जी यांनी १९८४ मध्ये सुचवले की हिग्ज बोसॉनच पायॉनसारखा संयुक्त असावा. कॅप्लन यांनी १९९१ मध्ये त्यात ‘अंशतः संयुक्तपणा’ जोडला: प्रत्येक क्वार्क आणि लेप्टॉन हा थोडा मूलभूत, थोडा संयुक्त अशी सरमिसळ. इलेक्ट्रॉनमध्ये संयुक्त अंश नावापुरता, म्हणून तो हलका. टॉप क्वार्कमध्ये भरपूर, म्हणून तो १७३ जीईव्हीचा. चार कोटींच्या हिशेबातून यात सहज सुटका होते, कारण इलेक्ट्रॉन संयुक्त असण्याचा आग्रहच सोडला आहे. मला हीच दिशा सर्वांत प्रामाणिक वाटते. तिलाही किंमत मोजावी लागतेच: टॉपचे जड जोडीदार दिसायला हवेत, आणि साधारण दीड टीईव्हीपर्यंत ते दिसलेले नाहीत. २०१२ मध्ये सापडलेला १२५ जीईव्हीचा हिग्ज आतापर्यंत तरी मूलभूत कणासारखाच वागतो आहे.

इंटरनेटवर दर काही दिवसांनी नवे प्रिऑन मॉडेल दिसते. ते कसे जोखावे?

विद्युतभारांचा तक्ता जुळला म्हणून गुण देऊ नका. एक-तृतीयांशाचे तुकडे तीन-तीनने जोडले की तक्ता जुळतोच. ते काम १९७९ मध्ये झाले आहे. थेट विचारा: इलेक्ट्रॉन इतका हलका का? उत्तरात एखादी सममिती आली तर पुढे वाचा, ‘बंधनऊर्जेमुळे’ एवढेच आले तर वेळ वाचवा. मग म्युऑन फोटॉन का सोडत नाही आणि प्रोटॉन का टिकतो, ते पाहा. दीड स्पिनचे भाऊबंद कुठे लपवले आहेत, तेही. सर्वांत शेवटी, अमुक टीईव्हीला अमुक प्रयोगात काय दिसेल असा एखादा आकडा लेखकाने दिला आहे का.

पुढे कोणत्या प्रयोगांवर नजर ठेवावी?

लार्ज हेड्रॉन कोलायडरची अधिक तीव्रतेची आवृत्ती २०३० च्या सुमारास सुरू व्हायची आहे. संपर्क बलाच्या मर्यादा तिथे आणखी वर सरकतील किंवा काहीतरी दिसेल. प्रोटॉनच्या विघटनासाठी जपानमध्ये हायपर-कामिओकांडे उभे राहते आहे. पण मला विचाराल तर अमेरिकेतला म्यू-टू-ई आणि जपानमधला कॉमेट यांच्याकडे पाहा. दोन्हींत अ‍ॅल्युमिनियमच्या केंद्रकाभोवती अडकलेला म्युऑन न्यूट्रिनो न सोडता थेट इलेक्ट्रॉन होतो का, हे तपासले जाईल. म्यू-टू-ईचे उद्दिष्ट आजच्या मर्यादेच्या सुमारे दहा हजार पट पुढे जाण्याचे आहे. पिढ्यांमध्ये खरोखर काही अंतर्गत नाते असेल, तर ते १०५ एमईव्हीच्या एकट्या इलेक्ट्रॉनच्या रूपाने तिथे बाहेर पडेल.